लेनी ब्रूस : बोललेला शब्द आणि न्यायालयातील टिपण

अमेरिकेतील एकपात्री विनोदकार लेनी ब्रूस याचे नाव साहित्याच्या इतिहासग्रंथांत क्वचितच भेटते. त्याने नाटक किंवा काव्य लिहून नाव मिळविले नाही. त्याचे एक आत्मचरित्र १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, पण त्याची कीर्ती त्यावर उभी नाही. रात्री उशिरा, हाती ध्वनिक्षेपक घेऊन, समोर बसलेल्या माणसांशी केलेले बोलणे एवढीच त्याची निर्मिती होय. अशा बोलण्याला वाङ्मयीन कृती म्हणावे काय, आणि म्हटल्यास तिची संहिता कोणती मानावी, हा प्रश्न मौखिक परंपरांच्या अभ्यासकांना नवा नाही. ब्रूसच्या बाबतीत तो फौजदारी न्यायालयात उपस्थित झाला आणि त्याची किंमत त्याला आपल्या उपजीविकेने मोजावी लागली.

त्याचे मूळ नाव लिओनार्ड आल्फ्रेड श्नायडर. न्यूयॉर्क राज्यातील मिनिओला या गावी १३ ऑक्टोबर १९२५ रोजी एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. तो लहान असतानाच आईवडील विभक्त झाले आणि त्याचे बालपण नातेवाइकांच्या घरी, या दारातून त्या दारात असे गेले. आई सॅली मार ही स्वतः रंगमंचावर विनोदी कार्यक्रम करीत असे. मुलाला या व्यवसायाचे पहिले धडे तिच्याकडून मिळाले. १९४२ मध्ये तो नौदलात भरती झाला. ‘ब्रुकलिन’ या युद्धनौकेवर त्याने उत्तर आफ्रिका आणि इटली येथील मोहिमा पाहिल्या व १९४५ मध्ये तो सेवेतून मुक्त झाला. १९५१ मध्ये हनी हार्लो या नर्तकीशी विवाह, १९५५ मध्ये कन्येचा जन्म आणि त्यानंतर दोन वर्षांनी घटस्फोट, असा त्याच्या संसाराचा थोडक्यात आलेख आहे. मादक द्रव्यांची सवय याच काळातली. ती शेवटपर्यंत सुटली नाही.

त्याच्या कलेची खरी घडण झाली ती लॉस अँजेलिसमधील विवस्त्र नृत्याच्या क्लबांत. तेथे तो निवेदक होता. दोन नृत्यांमधला वेळ भरून काढावयाचा, एवढेच त्याचे काम. प्रेक्षक आलेले असत स्त्रियांना पाहण्यासाठी. निवेदकाच्या विनोदाकडे लक्ष देण्याचे त्यांना कारण नव्हते. ऐकणारे होते ते मागे बसलेले वादक. ब्रूस त्यांच्यासाठी बोलू लागला. ठरलेले विनोद वादकांना दुसऱ्याच रात्री पाठ होत, म्हणून रोज काही नवे सुचणे भाग होते. त्याच्या भाषेत जॅझ वादकांची बोली, घरातली यिडिश, रंगधंद्यातले परवलीचे शब्द आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची इंग्रजी एकमेकींत मिसळली. एखादा विषय धरून त्याच्याभोवती बोलत राहावे, भरकटावे, आणि अवचित मूळ ठिकाणी यावे, ही त्याची रीत जॅझच्या वादनासारखी होती. तमाशातील बतावणी ज्यांनी ऐकली आहे त्यांना प्रसंगोचित भर घालण्याचे हे कसब ओळखीचे वाटेल. मात्र सोंगाड्याला सवाल टाकणारा जोडीदार असतो, ब्रूस एकटाच होता.

१९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे नाव झाले. धर्मसंस्थांचा व्यापार, गोऱ्यांचे वर्णविषयक ढोंग, लैंगिक व्यवहारातील दांभिकता हे त्याचे विषय. जातिवाचक शिव्या तो मुद्दाम पुन्हापुन्हा उच्चारी. शब्द दडपल्याने त्याचे विष वाढते, अशी त्याची धारणा होती. वृत्तपत्रांनी त्याला विकृत विनोदकार ठरविले, आणि या बिरुदाने त्याचे श्रोते वाढलेच.

न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधला ४ फेब्रुवारी १९६१ चा मध्यरात्रीचा प्रयोग हा या कारकिर्दीचा कळस म्हणावा लागेल. हिमवादळाने शहर ठप्प झाले होते. तरीही अभिजात संगीतासाठी ख्यात असलेले ते सभागृह भरत आले आणि हा माणूस दोन तासांहून अधिक वेळ बोलत राहिला. या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात चुकलेले धागे आहेत, रेंगाळलेल्या जागा आहेत. पण हशा कोठे येतो, कोठे येता येता थबकतो, हेही ऐकू येते. प्रयोगाचा निम्मा अर्थ त्या हशात आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अश्लील भाषेच्या आरोपावरून त्याला अटक झाली. न्यायाधीश क्लेटन हॉर्न यांनीच १९५७ मध्ये गिन्सबर्गच्या ‘हाऊल’ या काव्याला अश्लीलतेच्या आरोपातून मुक्त केले होते. ब्रूसच्या खटल्यात ध्वनिफीत ऐकविण्यापूर्वी त्यांनी उपस्थितांना हसू नये अशी ताकीद दिली. न्यायासनाच्या दृष्टीने ती रास्तच होती. पण हशावाचून ऐकलेला विनोद हा तोच विनोद राहतो काय? मार्च १९६२ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. पुढे लॉस अँजेलिस आणि शिकागो येथे पुन्हा अटका झाल्या, १९६३ मध्ये इंग्लंडने प्रवेश नाकारला, आणि क्लबमालक त्याला बोलावण्यास कचरू लागले.

निर्णायक ठरला तो न्यूयॉर्कचा खटला. एप्रिल १९६४ मध्ये ग्रीनिच व्हिलेजमधील एका कॅफेत ब्रूस व कॅफेचा मालक यांना पकडण्यात आले. त्याआधी परवाना विभागाचा एक निरीक्षक श्रोत्यांत बसून टिपणे करून गेला होता. न्यायालयात या निरीक्षकाने आपल्या टिपणांवरून ब्रूसचा प्रयोग सांगितला. संदर्भ गळलेले, मधली वाक्ये नाहीत, आवाजाचे चढउतार नाहीत. उरले होते ते वर्ज्य शब्द, एकाखाली एक. आपल्यावर खटला चालला आहे तो या गृहस्थाच्या वाईट नकलेबद्दल, अशी ब्रूसची तक्रार होती, आणि ती वस्तुस्थितीला धरून होती.

त्याच्या बाजूने शंभराच्या आसपास लेखक-कलावंतांनी पत्रक काढले. त्यात गिन्सबर्ग, मेलर, ट्रिलिंग यांची नावे होती. ब्रूसला स्विफ्ट, राब्ले आणि ट्वेन यांच्या परंपरेत बसविण्यात आले. हेतू स्तुत्य होता, पण हे तिघेही ग्रंथकार. मित्रांनीसुद्धा त्याला शेवटी कागदावरच नेऊन ठेवले. विरोधकांचा आणि पाठीराख्यांचा वाद एकाच गृहीतावर चालला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

महाराष्ट्रातील उदाहरण येथे ताडून पाहण्याजोगे आहे. ‘सखाराम बाइंडर’वरून १९७२ मध्ये कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले, तेव्हा परिनिरीक्षण मंडळ आणि नाटककार यांच्यापुढे एकच लिखित संहिता होती. कोणते वाक्य काढावे यावर वाद होऊ शकत होता. वाक्य कोणते होते यावर नव्हे. ब्रूसला हा आधार नव्हता. त्याचा प्रयोग त्या रात्रीबरोबर संपलेला होता.

आपण न्यायालयासमोर प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवू, अशी विनंती ब्रूसने केली. ती मान्य झाली नाही. ४ नोव्हेंबर १९६४ रोजी तीनपैकी दोन न्यायाधीशांनी त्याला दोषी ठरविले. डिसेंबरमध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. अपील प्रलंबित असल्याने तो जामिनावर बाहेर राहिला. योगायोग असा की, इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच नोव्हेंबरमध्ये त्याची शिकागोची शिक्षा रद्द केली होती.

यानंतरच्या ब्रूसचे वर्णन करणे क्लेशदायक आहे. वकिलांशी त्याचे पटेना. घर कायद्याच्या पुस्तकांनी आणि ध्वनिफितींनी भरले. १९६५ मध्ये त्याने दिवाळे काढले. त्याच वर्षीच्या एका चित्रित प्रयोगात तो न्यूयॉर्कच्या खटल्याचे कागद हाती घेऊन उभा आहे, आणि टिपणातले शब्द व आपण खरोखर बोललो ते शब्द यांतला फरक श्रोत्यांना समजावून सांगतो आहे. प्रसंगी हसू येते, पुष्कळदा येत नाही. ज्याने कधी लिहिलेली संहिता पाठ केली नाही तो आता दुसऱ्याने लिहिलेली, आणि तीही चुकीची, संहिता वाचून दाखवीत होता. त्याचे स्तुतिपाठक या काळातही त्याची प्रतिभा शोधतात. वस्तुतः येथे विनोदकार मागे पडून फिर्यादी पुढे आला आहे.

३ ऑगस्ट १९६६ रोजी हॉलिवूडमधील राहत्या घरी मॉर्फीनच्या अतिमात्रेने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा त्याचे वय चाळीस होते. १९७४ मध्ये त्याच्या जीवनावर बॉब फॉसी यांनी चित्रपट काढला. डस्टिन हॉफमन याने त्यात ब्रूसची भूमिका केली. कॅफेच्या मालकाची शिक्षा अपिलात रद्द झाली, ब्रूसची मात्र तशीच राहिली. २३ डिसेंबर २००३ रोजी न्यूयॉर्कचे राज्यपाल जॉर्ज पटाकी यांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. त्या राज्याच्या इतिहासात अशी माफी त्यापूर्वी कोणाला मिळाली नव्हती.