सूट कोणाच्या खिशातून? : हेन्री फोर्डची गोष्ट

दसरा-दिवाळी जवळ आली की पेपरमध्ये गाड्यांच्या पानभर जाहिराती सुरू होतात. पन्नास हजारांची सूट, जुनी गाडी द्या आणि एक्स्चेंज बोनस घ्या, वर इन्शुरन्स फुकट! वाचून आपण खूश होतो. पण मित्रांनो, कंपनी हे पैसे आणते कुठून, याचा विचार कधी केलाय? कोणीतरी ते भरतच असणार ना?

या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात छान सापडतं. तो माणूस म्हणजे हेन्री फोर्ड. आपल्या टेक्स्टबुकमध्ये तो असेंब्ली लाइनच्या धड्यात येतो आणि दोन पॅरेग्राफमध्ये संपतो. पण त्याने तीन वेगवेगळ्या वेळी गाडीच्या किमती दणकून खाली आणल्या आणि तिन्ही वेळा पैसे भरणारा वेगळा होता. म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटली.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डिअरबॉर्नजवळच्या एका शेतावर झाला. वडील विल्यम आयर्लंडहून आलेले शेतकरी. पोराचं लक्ष मात्र शेतीत कधीच नव्हतं. घड्याळं उघडायची, परत जोडायची, हाच त्याचा उद्योग. तो बारा वर्षांचा असताना आई गेली. त्याच वर्षी त्याने रस्त्यावरून स्वतःच्या ताकदीने चालणारं वाफेचं इंजिन पाहिलं आणि त्याच्या डोक्यात चाकं फिरायला लागली ती कायमची. सोळाव्या वर्षी घर सोडून तो डेट्रॉइटला गेला आणि मशीन शॉपमध्ये उमेदवारी करू लागला. इंजिनीअरिंगची डिग्री त्याने कधीच घेतली नाही.

१८९१ मध्ये त्याला डेट्रॉइटच्या एडिसन वीज कंपनीत नोकरी मिळाली. दिवसा नोकरी आणि रात्री घरामागच्या शेडमध्ये पेट्रोल इंजिनचे प्रयोग. जून १८९६ मध्ये त्याची पहिली चारचाकी तयार झाली. बाहेर काढायला गेला तर शेडचं दार अरुंद! शेवटी कुऱ्हाडीने विटांची भिंत फोडून गाडी बाहेर आली. प्रोजेक्ट करताना ‘डायमेन्शन्स आधी तपासा’ असं सर का सांगतात, ते इथे कळतं.

गाडी चालली, पण धंदा चालेना. १८९९ मध्ये काढलेली पहिली कंपनी दोन वर्षांच्या आत बंद पडली. दुसऱ्या कंपनीत भागीदारांशी पटलं नाही म्हणून तो १९०२ मध्ये बाहेर पडला. (तीच कंपनी पुढे कॅडिलॅक झाली.) तिसरी, म्हणजे फोर्ड मोटर कंपनी, १६ जून १९०३ रोजी सुरू झाली. रोख भांडवल फक्त २८,००० डॉलर. महिन्याभरात पार्ट्सचे आणि पगाराचे पैसे भागवता भागवता बँकेत उरले २२३ डॉलर. तेवढ्यात शिकागोच्या एका डेंटिस्टचा ८५० डॉलरचा चेक आला आणि कंपनी वाचली. हिशोबाची बाजू जेम्स कझिन्स हा कडक शिस्तीचा माणूस सांभाळत होता, हेही फोर्डचं नशीब.

१ ऑक्टोबर १९०८ ला ‘मॉडेल टी’ आली. हलकी, मजबूत, खराब रस्त्यावर चालणारी, शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता येईल अशी. किंमत होती ८५० डॉलर. त्या काळी कारखान्यातल्या कामगाराला दिवसाला अडीच डॉलरसुद्धा मिळत नव्हते. म्हणजे वर्षभर न खाता-पिता पैसे साठवले तरी गाडी परवडली नसती.

मग १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात हलती असेंब्ली लाइन सुरू झाली. माणसाने कामाकडे जायचं नाही, कामाने माणसाकडे यायचं. एक चासी जोडायला आधी साडेबारा तास लागत होते, ते १९१४ मध्ये ९३ मिनिटांवर आले! किंमत घसरत गेली आणि १९१६ मध्ये तीच गाडी ३६० डॉलरला मिळू लागली.

पहिली मोठी सूट याच काळातली. ऑगस्ट १९१४ मध्ये फोर्डने जाहीर केलं की पुढच्या वर्षभरात तीन लाख गाड्या खपल्या तर प्रत्येक ग्राहकाला पैसे परत. गाड्या खपल्या तीन लाख आठ हजारांच्या आसपास, आणि प्रत्येकाला ५० डॉलरचा चेक घरपोच मिळाला. म्हणजे एकूण दीड कोटी डॉलरच्या वर! आज ज्याला कॅश-बॅक म्हणतात ते शंभर वर्षांपूर्वीच झालेलं आहे.

ही सूट कोणी भरली? मुख्यतः वाचलेल्या वेळेने. प्रत्येक गाडीमागे कमी तास लागले आणि त्यातला काही वाटा ग्राहकाला परत गेला. इंजिनीअरिंगने दिलेली सूट ती हीच. अर्थात ती अगदी फुकट नव्हती. दिवसभर एकच नट फिरवून कामगार कंटाळून पळत होते. १९१३ मध्ये सुमारे १४,००० माणसं कामावर टिकवण्यासाठी ५२,००० च्या वर माणसं भरती करावी लागली. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाची मिळकत दुपटीहून जास्त, म्हणजे पाच डॉलर केली आणि कामाचे तास नऊवरून आठ केले. सोबत अटीही होत्या. कंपनीचे लोक कामगारांच्या घरी जाऊन ते दारू पितात का, घर स्वच्छ ठेवतात का, हे तपासायचे.

फोर्डला नफा वाटण्यापेक्षा किंमत कमी करणं आणि कारखाना वाढवणं जास्त आवडायचं. यावरून डॉज बंधू हे भागधारक कोर्टात गेले आणि १९१९ मध्ये जिंकले. फोर्डला सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर लाभांश वाटावा लागला. तो इतका वैतागला की त्याने सगळ्या भागधारकांचे शेअर्स विकत घेऊन टाकले. खर्च साडेदहा कोटी डॉलर! ज्या बँकवाल्यांचा त्याला मनापासून राग होता, त्यांच्याकडूनच सुमारे सहा कोटींचं कर्ज काढावं लागलं. कंपनी आता पूर्ण फोर्ड कुटुंबाची झाली, पण डोक्यावर कर्ज घेऊन.

आणि नेमकी त्याच वेळी मंदी आली. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी १९२० मध्ये ओसरली. गाड्या खपेनात. फोर्डने सप्टेंबर १९२० मध्ये ५७५ डॉलरची गाडी एकदम ४४० ला केली. हा भाव उत्पादन खर्चापेक्षाही कमी होता. तिकडे जनरल मोटर्सच्या विल्यम ड्युरंटने किमती उतरवायला नकार दिला. वर शेअरचा भाव पडू नये म्हणून उधारीवर शेअर्स घेत राहिला, आणि वर्ष संपायच्या आत स्वतःच उभारलेल्या कंपनीतून त्याला बाहेर पडावं लागलं.

फोर्डचंही काही बरं चाललं नव्हतं. सूट देऊनही डिसेंबरपर्यंत विक्री थंडावली. एप्रिल १९२१ पर्यंत त्याला कर्ज, टॅक्स आणि बोनस मिळून ५ कोटी ८० लाख डॉलर द्यायचे होते आणि हातात होते २ कोटी. ख्रिसमसच्या तोंडावर त्याने कारखाना बंद केला. ऑफिसमधले निम्म्याहून जास्त टेलिफोन काढून टाकले, जास्तीची मशीन्स विकली, कित्येक लोकांना घरी पाठवलं. कच्चा माल येऊन तयार गाडी बाहेर पडायला २२ दिवस लागत होते, ते १४ वर आणले. त्यामुळे साठ्यात अडकलेले कोट्यवधी डॉलर मोकळे झाले. इन्व्हेंटरी कमी ठेवा म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं म्हणजे डीलर. फोर्डने न खपलेल्या हजारो गाड्या देशभरच्या डीलर्सकडे न मागता रवाना केल्या. गाडी स्टेशनात पोचली की रोख पैसे भरायचे. नाही म्हणाल तर डीलरशिप जाण्याची भीती. बिचारे डीलर आपापल्या गावच्या बँकेत गेले, कर्ज काढलं आणि पैसे भरले. म्हणजे फोर्डने न घेतलेलं कर्ज त्याच्या डीलर्सनी थोडं थोडं वाटून घेतलं! ठरल्या मुदतीत फोर्डने देणी फेडली आणि बँकांना न झुकलेला हिरो म्हणून त्याचं नाव झालं. दुसऱ्या सुटीचं बिल मात्र डीलर्सच्या आणि कामावरून काढलेल्या लोकांच्या नावावर फाटलं होतं.

तिसरी वेळ सगळ्यात वाईट. १९२५ मध्ये मॉडेल टी २६० डॉलरपर्यंत उतरली, पण आता स्वस्ताईची जादू संपत चालली होती. जनरल मोटर्सने आल्फ्रेड स्लोनच्या हाताखाली वेगळाच खेळ मांडला होता. हप्त्यावर गाडी, जुनी देऊन नवी, दरवर्षी नवं मॉडेल, आवडीचा रंग. फोर्डची गाडी १९१४ पासून कित्येक वर्षं फक्त काळ्या रंगात येत होती. हप्त्याची योजना त्यानेही १९२३ मध्ये आणली, पण त्यात दर आठवड्याला पाच डॉलर साठवायचे आणि सगळे पैसे भरून झाल्यावर गाडी घ्यायची. शेजारी शेवरोलेमध्ये फिरतोय आणि आपण पासबुक बघत बसायचं, हे कोणाला आवडेल?

मुलगा एडसेल सांगत होता, नवी गाडी करूया. बापाने ऐकलं नाही. शेवटी मे १९२७ मध्ये दीड कोटीवी मॉडेल टी बाहेर पडली आणि उत्पादन थांबलं. पुढची गाडी तयारच नव्हती! कारखाना जवळजवळ सहा महिने ठप्प, हजारो कामगार घरी, आणि शेवरोले पुढे निघून गेली. या सुटीचे पैसे कोणी भरले? मला वाटतं, न केलेल्या नव्या डिझाइनने. किंमत कमी करत राहणं हेच संशोधन, असं कंपनी समजून बसली होती.

पुढचा फोर्ड फारसा आवडावा असा नाही. १९२० च्या दशकात त्याच्या मालकीच्या साप्ताहिकाने ज्यूंविरुद्ध विषारी लेख छापले. मार्च १९३२ मध्ये, महामंदीत, त्याच्या कारखान्यावर आलेल्या बेकारांच्या मोर्चावर गोळ्या चालल्या आणि माणसं मेली. युनियनला त्याने १९४१ पर्यंत मान्यता दिली नाही. १९४३ मध्ये एडसेल वारला आणि ऐंशीच्या घरातला फोर्ड पुन्हा अध्यक्ष झाला. महिन्याला लाखो डॉलर तोटा होऊ लागल्यावर १९४५ मध्ये कारभार नातवाकडे गेला. ७ एप्रिल १९४७ च्या रात्री, नदीच्या पुराने वीज गेलेली असताना, दिवे-मेणबत्त्यांच्या उजेडात हेन्री फोर्ड गेला. वीज कंपनीत इंजिनीअर म्हणून सुरुवात केलेला माणूस!

त्याच्यानंतरही तोच प्रश्न फिरून फिरून आला. २००५ च्या उन्हाळ्यात जनरल मोटर्सने कर्मचाऱ्यांना मिळणारी सूट सगळ्यांना देऊ केली. पाठोपाठ फोर्ड आणि क्रायस्लरनेही दिली. विक्री फुगली आणि नंतर बसली. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लरने दिवाळखोरी जाहीर केली. फोर्ड तरली, कारण २००६ मध्ये तिने कारखान्यांपासून निळ्या लोगोपर्यंत सगळं गहाण टाकून २३ अब्ज डॉलरहून जास्त कर्जाची सोय केली होती. २०२१ मध्ये मात्र फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा कामगारांबरोबर अडचणीत आले ते पुन्हा डीलरच.

आपल्यापैकी बरेच जण उद्या चाकण, पिंपरी किंवा नाशिकच्या गाड्यांच्या नाहीतर पार्ट्सच्या कंपनीत असतील. कॉस्ट डाऊन करा, असं आपल्याला रोज सांगितलं जाईल. तेव्हा साडेबारा तासांची ९३ मिनिटं करून खर्च कमी करायचा, की तो गुपचूप व्हेंडरच्या, डीलरच्या किंवा कामगाराच्या माथी मारायचा, हे थोडंफार आपल्याही हातात असेल. फोर्डने दोन्ही करून दाखवलं. त्यातलं पहिलं घेऊया.