विजय मर्चंट : ७१.६४ चा हिशेब

प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये दहा हजारांहून अधिक धावा करणाऱ्या फलंदाजांची यादी सरासरीनुसार लावली, तर ९५.१४ धावांसह डॉन ब्रॅडमन पहिले येतात आणि ७१.६४ धावांसह दुसरे येतात मुंबईचे विजय मर्चंट. हा दुसरा क्रमांक खरा किती, यावर क्रिकेटरसिकांत अनेक वर्षे वाद होत आला. आज बदलापूर लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर कोणत्याही खेळाडूची आकडेवारी पाहता येते. पण आकडा सापडणे आणि त्याचा अर्थ लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईतील गिरणीमालक ठाकरसी घराण्यात झाला. शाळेत शिक्षकांनी वडिलांचा व्यवसाय विचारला आणि उत्तरातला ‘मर्चंट’ हाच शब्द आडनाव म्हणून नोंदला गेला, असे सांगतात. शरीरयष्टी मध्यम, पण पदलालित्य बिनचूक. लेट कट हा त्यांचा खास फटका.

त्यांच्यावरचा पहिला आक्षेप नाबाद डावांचा. २३४ डावांत ते ४६ वेळा नाबाद राहिले. सरासरी काढताना धावांना बाद झालेल्या डावांनीच भागतात, म्हणून १३,४७० धावांचे ७१.६४ होतात, सर्व डावांनी भागले तर ५७.५६ उरतात. हाच नियम ब्रॅडमनना लावला तर त्यांचेही ९५.१४ वरून ८३.०४ होतात. घसरण मर्चंट यांची अधिक हे खरे. पण बाद न होणे हेच ज्याचे कौशल्य, त्या सलामीवीराचे नाबाद डाव वजा करणे फारसे न्याय्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाळीसच्या दशकात भारतातील खेळपट्ट्या फलंदाजांचे नंदनवन होत्या. १९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या, तर उर्वरित संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्या विजय हजारे यांच्या ३०९ होत्या. त्याच मोसमात मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा काढून जणू उत्तर दिले. १९४४-४५ च्या रणजी मोसमात रुसी मोदी यांची सरासरी २०१.६० होती, आणि १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर पुण्यात नाबाद ४४३ पर्यंत पोहोचले. अशा सुकाळात मर्चंट यांची रणजीतील सरासरी ९८ च्या पुढे गेली, तर त्यात त्यांचे किती आणि खेळपट्टीचे किती?

अमेरिकन फुटबॉलचे आधुनिक विश्लेषक नेमका हाच प्रश्न विचारतात. संघाने किती यार्ड मिळवले एवढ्यावर ते थांबत नाहीत. कोणत्या परिस्थितीत, कोणत्या प्रतिस्पर्ध्यासमोर मिळवले, आणि तेथे सर्वसाधारण संघाने किती मिळवले असते, याच्याशी ते तुलना करतात. मर्चंट यांना ही कसोटी लावायची, तर १९४६ च्या इंग्लंड दौऱ्याकडे वळावे लागते. पावसाळी हवा, उघड्यावरच्या ओल्या खेळपट्ट्या, आणि तरीही २,३८५ धावा, सरासरी ७४.५३. ब्रेबॉर्न स्टेडियमवर कमावलेला आकडा परमुलखातही घटला नाही. उलट किंचित वाढलाच. वादाचा निकाल लावण्यास एवढा पुरावा पुरेसा वाटतो.

कसोटीची नोंद मात्र तोकडी राहिली. १९३३ ते १९५१ या काळात दहाच सामने, तेही सर्व इंग्लंडविरुद्ध. १८ डावांत ८५९ धावा, एकदाही नाबाद नाही, सरासरी ४७.७२. युद्धाने उमेदीची वर्षे गिळली, प्रकृतीमुळे १९४७-४८ चा ऑस्ट्रेलिया दौरा हुकला. चाळिशी नुकतीच ओलांडल्यावर दिल्लीत १५४ धावा केल्या आणि त्याच सामन्यात खांद्याला झालेल्या दुखापतीने कारकीर्द संपली. अठरा डावांवरून फलंदाजाची प्रतवारी ठरवणे धाडसाचेच.

गंमत अशी की, आकड्यांत इतका श्रीमंत असलेला हा माणूस निवड समितीचा अध्यक्ष झाल्यावर आकड्यांच्या आहारी गेला नाही. १९६९ मध्ये गुंडाप्पा विश्वनाथ, एकनाथ सोलकर अशा तरुणांना संधी मिळाली. विश्वनाथ पहिल्या डावात शून्यावर बाद झाले, दुसऱ्यात त्यांनी १३७ केल्या. १९७१ मध्ये मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले. या दोघांची कसोटी सरासरी अखेरीस ३४.९१ आणि ३१.०७ भरली; म्हणजे तेथे आकडा काही सांगणारच नव्हता. निर्णयावर टीका झाली, ती पतौडींच्या चाहत्यांनी पुढे अनेक वर्षे चालू ठेवली. त्याच वर्षी वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या. वेस्ट इंडीजमध्ये नवख्या सुनील गावसकरांनी ७७४ धावा केल्या.

मर्चंट यांचे निधन २७ ऑक्टोबर १९८७ रोजी झाले, तेव्हा भारतात विश्वचषक सुरू होता. चौथ्या दिवशी नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध भारताला केवळ विजय पुरेसा नव्हता. गटात अव्वल राहण्यासाठी धावगतीही हवी होती. गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतले त्यांचे ते एकमेव शतक.