सामने जुळवणारा माणूस : ह्यूगो माइझल

चॅम्पियन्स लीगचे सामने पाहण्यासाठी रात्र जागवणारे आपल्या बॅचमध्ये अजूनही बरेच आहेत. त्यांच्यापैकीही अनेकांनी ह्यूगो माइझल हे नाव ऐकले नसेल. निरनिराळ्या देशांच्या क्लबांनी एकमेकांच्या मैदानावर जाऊन खेळायचे, ही रीत युरोपात रुजवण्यात या गृहस्थांचा मोठा वाटा होता.

माइझल यांचा जन्म १६ नोव्हेंबर १८८१ रोजी बोहेमियातील मालेशोव्ह येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे ते व्हिएन्नात बँकेत नोकरीला लागले, पण जीव रमला फुटबॉलमध्ये. खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले नाही. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये ते पंच होते. त्यांना अनेक भाषा येत. हळूहळू राष्ट्रीय संघाची निवड आणि ऑस्ट्रियन फुटबॉल संघटनेचा कारभार त्यांच्याकडे आला.

पहिल्या महायुद्धानंतर जुन्या साम्राज्याचे तुकडे झाले. १९२४ मध्ये ऑस्ट्रियात व्यावसायिक लीग सुरू झाली; पण खेळाडूंचे पगार भागवायचे तर तिकीटविक्री वाढायला हवी होती. म्हणून माइझल यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये मित्रोपा कप सुरू झाला. ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया या चार देशांचे प्रत्येकी दोन क्लब, एक सामना घरी, एक परक्या गावी. पहिल्या अंतिम फेरीत प्रागच्या स्पार्टाने व्हिएन्नाच्या रापिडला घरी ६-२ असे हरवले. व्हिएन्नात रापिड २-१ ने जिंकला, तरी कप प्रागला गेला. १९२९ मध्ये युगोस्लाव्हियाच्या जागी इटलीचे क्लब आले.

त्याच काळात सिंडेलारसारखे खेळाडू घेऊन माइझल यांनी ‘वुंडरटीम’, म्हणजे नवलाईचा संघ, घडवला. १९३१ मध्ये या संघाने स्कॉटलंडला ५-० असे नमवले. १९३२ मध्ये लंडनला जाऊन इंग्लंडकडून ४-३ अशी हार पत्करली, पण ती झुंज देऊन. १९३४ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत इटलीने त्यांना रोखले.

१७ फेब्रुवारी १९३७ रोजी हृदयविकाराने माइझल गेले. साधारण वर्षभरानंतर, मार्च १९३८ मध्ये, हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. राष्ट्रीय संघ मोडला, ऑस्ट्रियाचे क्लब मित्रोपा कपातून बाहेर पडले. १९४० ची अंतिम फेरी तर युद्धामुळे झालीच नाही. युद्धानंतर स्पर्धा पुन्हा सुरू झाली. पण १९५५ मध्ये आलेल्या युरोपियन कपापुढे ती फिकी पडत गेली आणि १९९२ मध्ये कायमची बंद झाली. एक सामना घरी, एक परक्या गावी ही पद्धत मात्र त्या नव्या कपातही राहिली आणि आजही आहे.

माइझल यांचे आयुष्य पत्रे लिहिण्यात, तारखा जुळवण्यात आणि भांडणारे पक्ष एका टेबलाशी बसवण्यात गेले. आपल्या संमेलनासाठी जुने पत्ते शोधून, दहा-दहा वेळा फोन करून सर्वांना एकत्र आणणाऱ्या मित्रमैत्रिणींना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको. मैदानावर खेळणाऱ्यांच्या टाळ्यांतला थोडा वाटा त्यांचाही असतो.