एस. एम. जोशी : सेवादलाची शिस्त आणि नामांतराची परीक्षा

बदनापूरच्या महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या मुलामुलींच्या प्रमाणपत्रावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नाव असते. या नावाच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल मराठवाड्यात ज्यांना अपमान सोसावा लागला, त्यांत एक होते एस. एम. जोशी. तरुणांना शिस्त लावणाऱ्या राष्ट्र सेवा दलाचे ते पहिले दलप्रमुख.

सुरुवात कुठे झाली?

श्रीधर महादेव जोशी यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९०४ रोजी जुन्नरला झाला. वडील लवकर गेले, शिक्षण पुण्यात ओढगस्तीत झाले. १९२९ साली पुण्यातील पर्वतीच्या मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. ब्राह्मण घरातला हा तरुण त्यात सामील झाला. आपल्याच माणसांचा रोष पत्करण्याची ही त्यांची पहिली मोठी वेळ. पुढच्याच वर्षी मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले.

सेवादलात काय शिकवले जाई?

४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि धुरा एस. एम. यांच्याकडे आली. संध्याकाळी मैदानावर शाखा भरे. झेंडावंदन, कवायत, खेळ आणि गाणी होत. दिसायला हे कुठल्याही पथकासारखेच. पण इथे सगळ्या जातिधर्मांची मुले एका रांगेत उभी राहत, मुलीही असत. कवायतीबरोबर अभ्यासवर्ग असे. हुकूम पाळायचा, पण तो का पाळायचा हेही समजून घ्यायचे, अशी ही शिस्त होती.

वर्षभरातच तिचा कस लागला. १९४२ च्या आंदोलनात सेवादलाचे अनेक सैनिक भूमिगत झाले, साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या कामातही उतरले. खुद्द एस. एम. दाढी वाढवून, इमामअली या नावाने वावरत होते. १९४३ मध्ये मुंबईत ते पकडले गेले.

चिडलेल्या गर्दीला शिस्त लावता येते का?

संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस असताना त्यांच्यामागे शाखेतली मुले नव्हती, लाखो संतप्त माणसे होती. गोळीबारात अनेकांचे बळी गेले होते. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले, तेव्हा समितीने निदर्शने केली. काळी निशाणे घेऊन प्रचंड जनसमुदाय लोटला, पण दंगल झाली नाही. त्यामागे एस. एम. आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मेहनत होती.

नामांतराच्या वेळी काय घडले?

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला. जालना हा वेगळा जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. तो १ मे १९८१ ला झाला. बदनापूरचा परिसर औरंगाबाद जिल्ह्यातच होता. ठरावानंतर मराठवाड्यात हिंसाचार उसळला, दलितांची घरे जाळली गेली. प्रदेशाची ओळख पुसली जाईल, असे विरोधकांचे म्हणणे होते. त्यांत स्वातंत्र्यलढ्यातले नावाजलेले लोकही होते.

त्यामुळे एस. एम. यांची अडचण मोठी होती. समोर परके सरकार नव्हते, आपलीच माणसे होती. वय सत्तरीच्या पुढे गेलेले. तरी ते मराठवाड्यात आले आणि लोकांशी बोलले. त्यांच्या गळ्यात चपलांचा हारही घातला गेला. त्यांनी ना भूमिका बदलली, ना कुणाचा सूड घेतला.

१ एप्रिल १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. तो त्यांना पाहता आला नाही.

आज हे का आठवायचे?

आजही कॉलेजच्या मैदानावर छात्रसेनेची मुले सावधान-विश्राम करतात. रांगेत पाऊल जुळवणे काही दिवसांत जमते. मात्र सगळी रांग चुकीच्या दिशेने निघाली तर शांतपणे थांबायला आयुष्यभराचा सराव लागतो. एस. एम. यांनी पर्वतीपासून मराठवाड्यापर्यंत तो केला.