पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई डोंगरे-मेधावी (२३ एप्रिल, इ.स. १८५८ – ५ एप्रिल, इ.स. १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक आणि बायबलच्या मराठी अनुवादक होत्या. शारदा सदन व मुक्ती मिशन या संस्थांच्या संस्थापक म्हणून त्या सर्वपरिचित आहेत. ख्रिस्ताच्या पुनरागमनावरील श्रद्धा आणि तोवर पत्करलेले अखंड कष्ट ही त्यांच्या उत्तरायुष्याची दोन अंगे होत.

प्रारंभीचे जीवन

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला व मुलीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करीत असे. देवकृपेच्या आशेने त्यांनी व्रते, जप व दाने केली. तरीही दुष्काळातील उपासमारीत आईवडील आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. या निष्फळ प्रतीक्षेची आठवण रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. इ.स. १८७८ मध्ये भाऊ श्रीनिवास याच्यासह त्या कोलकात्यास पोहोचल्या व तेथे त्यांना 'पंडिता' ही पदवी मिळाली. इ.स. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. इ.स. १८८२ मध्ये पतीही पटकीने दगावले. मुलगी मनोरमा तेव्हा तान्ही होती.

धर्मांतर

२९ सप्टेंबर, इ.स. १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या धर्मांतराची हकीकत बहुधा येथेच संपवली जाते, ते योग्य नव्हे. चर्चची शिकवण पारखल्याविना स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला, त्यामुळे इंग्लंडमधील हितचिंतकही नाराज झाले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त गवसला नाही, अशी रुखरुख त्यांना पुढे सुमारे आठ वर्षे होती.

मुक्ती मिशन

११ मार्च, इ.स. १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास हलले. तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या आरोपावरून वादळ उठले आणि इ.स. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले. इ.स. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो स्त्रिया व मुलींसाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले.

इ.स. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी तेथे प्रार्थनामंडळे सुरू केली. जूनअखेर जे धार्मिक जागरण झाले त्याकडे अनेक समकालीन ख्रिस्ती प्रचारकांनी प्रभूच्या आगमनाची पूर्वतयारी म्हणून पाहिले. मुक्तीतील शेती, विणकाम, छपाई आणि अंध स्त्रियांचे शिक्षण मात्र चालूच राहिले. निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथेही शाळा निघाली; आजचे नांदेड व लातूर जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते.

बायबलचा अनुवाद

प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा अल्पशिक्षित बायकांना कळत नाही, असे रमाबाईंचे मत होते. संस्कृतच्या पंडितेने ही तक्रार करावी, हे लक्षणीय आहे. त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सुमारे अठरा वर्षे अनुवाद करीत राहिल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली.

अखेर

संस्थेची धुरा मनोरमा सांभाळील अशी अपेक्षा होती; परंतु २४ जुलै, इ.स. १९२१ रोजी तिचे निधन झाले. मृतांच्या पुनरुत्थानावर आणि ख्रिस्ताच्या परत येण्यावर श्रद्धा असलेल्या आईसमोर ती श्रद्धा आता एकुलत्या मुलीच्या रूपाने उभी राहिली. ऐकू येईनासे झाले होते, प्रकृतीही खालावली होती. तरी रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. शेवटचे मुद्रित पुरे करण्यापुरता अवधी त्यांनी प्रार्थनेत मागितला होता, असे सांगितले जाते. ५ एप्रिल, इ.स. १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचा मृत्यू झाला. संपूर्ण बायबल इ.स. १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले.