अंधार दाखवणारे सुओमी सर

हॉस्टेलचे लाईट गेले की आधी एकच ओरडा होतो आणि मग सगळे गच्चीवर जमतात. पण आपला हा अंधार आठशे किलोमीटरवरून एखादा उपग्रह टिपत असेल, असं कधी मनात आलंय का? रात्रीचे दिवे टिपणाऱ्या अशा एका उपग्रहाला ज्यांचं नाव दिलंय, त्या व्हर्नर सुओमींची ही गोष्ट.

सुओमींचा जन्म १९१५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, एका फिनिश घराण्यात झाला. सुरुवातीला ते शाळेत विज्ञान शिकवत. युद्धाच्या काळात हवामानशास्त्राकडे वळले आणि पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. पीएच.डी. मिळाली १९५३ साली, म्हणजे चाळिशी जवळ आल्यावर! विषय काय, तर मक्याच्या शेतात उष्णता किती येते आणि किती जाते याचा हिशोब. मग त्यांना वाटलं, हाच हिशोब अख्ख्या पृथ्वीचा का मांडू नये?

इंजिनिअर मित्र रॉबर्ट पॅरेंट यांच्यासोबत त्यांनी त्यासाठी यंत्र बनवलं. जुलै १९५९ मध्ये ते घेऊन निघालेलं रॉकेट काही सेकंदांतच भरकटलं आणि नष्ट करावं लागलं. आपलं एक प्रॅक्टिकल फसलं तर आपण आठवडाभर तोंड पाडून बसतो. हे दोघं पुन्हा कामाला लागले आणि ऑक्टोबरमध्ये एक्स्प्लोरर-७ वरून त्यांचं यंत्र चालू झालं.

त्यांची खरी कमाल पुढे आहे. त्या काळी उपग्रह स्थिर राहावा म्हणून त्याला भोवऱ्यासारखं फिरवत. आता फिरत्या भोवऱ्यावरून फोटो काढणार कसा? सुओमींनी ही अडचणच कामाला लावली. प्रत्येक फेरीला चित्राची एक ओळ, अशा ओळी जोडून पृथ्वीचं पूर्ण चित्र. डिसेंबर १९६६ मध्ये एटीएस-१ वरून सरकणारे ढग दिसू लागले आणि वादळांवर सतत नजर ठेवता येऊ लागली.

१९९५ साली ते गेले. २०११ साली सोडलेल्या उपग्रहाचं नाव पुढच्याच वर्षी सुओमी एनपीपी ठेवलं गेलं. २०१७ साली मारिया चक्रीवादळाने पोर्टो रिकोची वीज गेली, तेव्हा रात्रीच्या चित्रांवरून कुठे अंधार आहे ते कळलं. वर ढग असले की दिसत नाही आणि चांदण्याचा उजेड वजा करावा लागतो, हे खरं. पण शहरांपेक्षा खेडी जास्त दिवस अंधारात राहिली, हेही त्यातूनच समोर आलं. २०१९ साली फानी वादळानंतर भुवनेश्वर आणि कटकचे विझलेले दिवेही असेच दिसले.

फोन बंद, रस्ते बंद, अशा वेळी अंधारातल्या माणसाची कुणी दखल घेणं केवढं मोठं! म्हणून पुढच्या वेळी लाईट गेले की नुसतं ओरडू नका. वर बघा, आणि सुओमी सरांना एक सलाम ठोका.