मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी

रत्नागिरीकडील मुलांना खेळणी विकतच घ्यावी लागतात असे नाही. पोफळीच्या विरीवर एकाने बसावे व दुसऱ्याने ती ओढावी, की झाली गाडी. पावसाळ्यात पागोळ्यांच्या पाण्यात कागदाच्या होड्या सुटतात. सावंतवाडी हे गाव १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. तेथील कारागिरांनी लाकूड घडवून व रंगवून केलेली फळे इतकी हुबेहूब असतात, की ती खरी समजून हाताळावी. परंतु लाकडाचा आंबा अखेरपर्यंत आंबाच राहतो. आज केलेली यारी उद्या मोडून तिचीच मोटार करावी आणि परवा त्याच मोटारीच्या तुकड्यांचा पूल बांधावा, असे खेळणे जगभरच्या मुलांच्या हाती देणारे गृहस्थ म्हणजे फ्रँक हॉर्नबी.

त्यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरी झाला. वडील किराणा मालाचे व्यापारी होते. फ्रँकचे मन शाळेत रमत नसे. तो पुष्कळदा शाळा चुकवी. मात्र सॅम्युएल स्माइल्स या लेखकाने लिहिलेली शोधकांची चरित्रे तो आवडीने वाची. आपणही काही शोध लावावा, या हौसेने त्याने लहानपणी नाना खटपटी केल्या. त्या बहुतेक फसल्या. यंत्रविद्येचे शिक्षण नाही आणि जवळ पुरेशी हत्यारेही नाहीत, अशी त्याची स्थिती होती. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो वडिलांच्या दुकानी रोकड सांभाळू लागला. १८९९ साली वडील वारले. त्यानंतर हॉर्नबी यांनी डेव्हिड एलियट नावाच्या, परदेशातून मांस आणविणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची नोकरी धरली. वय छत्तीस, पदरी बायकामुले आणि मिळकत बेताची. अशा माणसाच्या नावाने पुढे आगगाड्या ओळखल्या जातील, असे त्या वेळी कोणालाही वाटले नसते.

रोलंड व डग्लस या आपल्या दोन मुलांसाठी हॉर्नबी पत्रा कापून खेळणी करीत. पूल, मालगाडी, यारी अशा वस्तूंच्या लहान प्रतिकृती ते घडवीत. हे काम फार वेळखाऊ होते. पत्र्याचा प्रत्येक तुकडा मापाने कापावा, कानशीने घासावा, त्याला भोके पाडावीत, आणि इतके करून तो त्या एकाच खेळण्याच्या उपयोगी पडावा! यारी पुरी झाली, की पुढील वस्तूसाठी पुन्हा नवा पत्रा व नवी मेहनत. एकदा आगगाडीच्या प्रवासात यारीचाच विचार चालू असता त्यांच्या मनात एक कल्पना आली असे सांगतात. निरनिराळ्या वस्तूंसाठी निरनिराळे तुकडे कशाला? सर्व तुकडे एकाच मापाचे का असू नयेत?

घरी येऊन त्यांनी अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या व त्यांना अर्ध्या अर्ध्या इंचावर सारखी छिद्रे पाडली. कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीवर ठेवली, तरी छिद्रासमोर छिद्र येई. त्यातून लहानसा बोल्ट घालून नट आवळला, की जोड पक्का. त्याच छिद्रांतून सळई घातली म्हणजे चाकाचा आस तयार! मोठ्या कारखान्यातील पूल आणि यंत्रे याच रीतीने जोडली जातात. फरक आकाराचा तेवढा. कल्पना इतकी साधी होती, की ती आधी कोणी कशी योजिली नाही याचेच नवल वाटावे. खरे पाहता तिचे सारे मर्म त्या छिद्रांच्या समान अंतरात होते. एक छिद्र जरा चुकले, तर पुढची सगळी बांधणी तिरपी होई.

या कल्पनेचे पेटंट घेण्याइतकेही पैसे हिशेबनिसाजवळ नव्हते. त्यांनी मालकाकडून पाच पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९०१ मध्ये पेटंट मिळविले. एलियट यांना या धडपडीचे कौतुक वाटले. त्यांनी आपल्या कचेरीशेजारची जागा दिली आणि ते धंद्यात भागीदारही झाले. १९०२ साली खेळण्याची पेटी बाजारात आली. तिच्यात सोळा प्रकारचे भाग आणि बारा नमुन्यांची पत्रिका असून किंमत साडेसात शिलिंग होती. सामान्य कामगाराच्या आठवड्याच्या वेतनाचा बराच भाग त्यात गेला असता. शिवाय भाग ओबडधोबड होते, आणि पेटीतील सुटे पत्रे पाहून यांचे काय होणार हे गिऱ्हाइकाला उमगत नसे. १९०३ साली जेमतेम १,५०० पेट्या खपल्या. नफा काहीच नाही. नोकरी सांभाळून केलेला हा उद्योग बुडाला असता, तर उसन्या पैशांबरोबर हॉर्नबी यांची मालकापुढील पतही गेली असती.

त्या वेळी लिव्हरपूलच्या विद्यापीठात हेली-शॉ हे अभियांत्रिकीचे नामांकित प्राध्यापक होते. हॉर्नबी यांनी त्यांना आपली पेटी दाखविली. यंत्रशास्त्राची मूलतत्त्वे हिच्यामुळे मुलांना खेळता खेळता कळतील, असे मत प्राध्यापकांनी लिहून दिले. या शिफारशीमुळे दुकानदारांचे लक्ष तिकडे वळले. हॉर्नबी नवे भाग घालीत राहिले, आणि १९०६ साली प्रथम थोडा नफा हाती आला. १९०७ साली त्यांनी खेळण्याला ‘मेकॅनो’ हे सुटसुटीत नाव दिले व पुढील वर्षी कंपनी स्थापिली. १९१४ साली लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. मेकॅनोचे मासिक १९१६ पासून निघू लागले, आणि त्यातील नवे नमुने पाहून देशोदेशीची मुले आपापल्या पेट्या उघडू लागली.

१९२० साली हॉर्नबी यांनी चावीवर धावणारी आगगाडी काढली. तीही प्रथम नटबोल्टांनी जोडलेली होती, म्हणजे ती मोडून पुन्हा जोडता येत असे. खुद्द रत्नागिरीत खरी आगगाडी आली ती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात! १९३०च्या सुमारास रस्त्यांवर मोटारींची गर्दी वाढली. तेव्हा त्यांच्या कारखान्याने मोटार बांधण्याचीच एक निराळी पेटी काढली. तिच्यातील मागचा व पुढचा भाग, चाकांवरील पंखे, बैठका हे सारे बदलता येई. त्यामुळे एकाच सांगाड्यावर कधी शर्यतीची, तर कधी सहलीची मोटार उभी राहत असे. मेकॅनोचे तत्त्व मोटारीला याहून चांगले लागू करता आले नसते.

यानंतर मात्र एक उलटी गोष्ट घडली. खेळण्यातील स्थानकाजवळ ठेवावयास मोटारी हव्यात म्हणून १९३३ साली धातूच्या सहा चिमुकल्या गाड्या तयार झाल्या, आणि १९३४ साली त्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. या साच्यात ओतलेल्या, रंगवून पुऱ्या केलेल्या गाड्या होत्या; त्यांत जोडण्यासारखे काहीच नव्हते. तरी त्यांचा खप अफाट झाला. हॉर्नबी यांच्या आगगाडीत खऱ्या गाडीच्या एका फुटासाठी सात मिलिमीटर धरीत, म्हणजे मूळ वस्तू सुमारे त्रेचाळीस पटींनी लहान होई. मोटारींच्या प्रतिकृतींसाठी १:४३ हे प्रमाण पुढे जगभर रूढ झाले, त्याचे मूळ येथे आहे. या मापाने तीस फूट लांबीची एस. टी. साडेआठ इंचांहूनही किंचित लहान भरेल.

१९३१ ते १९३५ या काळात हॉर्नबी ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद होते. तो काळ विशेष सांगण्यासारखा नाही. त्यांच्या खेळण्याचा खरा गौरव १९३४ साली मँचेस्टरच्या विद्यापीठात झाला. डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर या संशोधकांनी तेथे अवघड गणिते सोडविणारे यंत्र उभारले. त्याचे बहुतेक भाग मेकॅनोच्या पेटीतील होते.

२१ सप्टेंबर १९३६ रोजी हॉर्नबी यांचे लिव्हरपूल येथे निधन झाले. बिन्स रोडचा कारखाना १९७९ साली बंद पडला. तोपर्यंत पत्र्याची जागा प्लॅस्टिकने घेतली होती. आता मोटारीच्या प्रतिकृतीचे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले मिळतात. ते कापून, घासून, डिंकाने जोडून रंगवितात. आणि पत्रिकेतील नमुना पसंत न पडला, तर हौशी मंडळी एका पेटीतील चाके काढून दुसऱ्या पेटीतील सांगाड्याला बसवितात.